न उमटलेली रेघ

१

खालची रेघ उमटली नाही.

लघवी तपासायच्या पट्टीवर दोन रेघा याव्या लागतात. वरची आली की पट्टी चांगली आहे असं समजायचं. खालची आली की माणसाच्या अंगात नशा नाही. मोठ्या सिस्टरांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि घड्याळाकडे बघत पाच मिनिटं काढली. मग आणखी पाच. खालची जागा कोरी ती कोरीच राहिली.

म्हणजे सात नंबरच्या खाटेवरच्या माणसाच्या अंगात उत्तेजक गोळी होती. आज, भरती झाल्यापासून नवव्या दिवशी. आल्या दिवशीची असती तर एव्हाना धुऊन गेली असती. ही ताजी होती. आणि वॉर्डाला तर कुलूप.

त्या माणसाला सगळे लांब्या म्हणत. खाटेबाहेर त्याचे पाय वीतभर लोंबत. एका मोठ्या पार्सल गोदामात तो फोर्कलिफ्ट चालवायचा. नऊ दिवसांपूर्वी चौघांनी धरून त्याला आणलं, तेव्हा तो ओरडत होता, की खोक्यांमध्ये माणसं श्वास घेतायत आणि स्कॅनरचा लाल दिवा त्याच्या डोक्यातलं वाचतोय. त्याआधी तो गोदामाच्या पत्र्यावर चढून कडेला उभा राहिला होता. उत्तेजक गोळ्यांनी डोकं फिरल्याचं पहिल्याच तपासणीत दिसलं. आधी इंजेक्शन, मग सकाळ-संध्याकाळ भास थांबवणारी गोळी सुरू झाली. चौथ्या दिवशी त्याने चहा मागितला आणि खाली मान घालून विचारलं, "सिस्टर, मी कुणाला मारलं तर नाही ना हो?"

बत्तीस वर्षं या खात्यात काढलेल्या बाईला त्या प्रश्नाचा अर्थ बरोबर कळतो. ज्याला लाज वाटायला लागली तो परत यायला लागला.

पण पाचव्या दिवसापासून गाडी उलटी फिरली. खोक्यांतली माणसं परत आली. डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली, मग तिप्पट. त्या गोळीने त्याची मान आखडली, हात लटपटायला लागले, घोटभर पाणी प्यायचं तर निम्मं सदऱ्यावर. भास मात्र हटेनात. आज सकाळी त्याने खिडकीची काच फोडली, तेव्हा सिस्टरांनी कुणालाही न विचारता पट्टी काढली.

डॉक्टरांनी पट्टी उजेडाला धरली. "नाव कमी करा."

"काय?"

"नियम भिंतीवर लावलाय, सिस्टर. वॉर्डात नशा केली की नाव कमी. आपण इकडे औषध ओततोय आणि हा पठ्ठ्या मजा मारतोय."

"मजा? त्याला मान वळवता येत नाहीये! या अवस्थेत बाहेर सोडला तर तो सरळ त्या पत्र्यावर जाईल. घरी सहा वर्षांची पोरगी आहे."

"मग चार वाजेपर्यंत मला सांगा गोळी आत कशी आली ते. नाहीतर चारला त्याचं नाव कमी, आणि दारावरचा मामा निलंबित." डॉक्टरांनी पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

सिस्टरांनी ती उचलून पुसली आणि खिशात घातली. घड्याळात साडेबारा झाले होते.

२

"बावीस वर्षं झाली या दारावर," मामा म्हणाले, "माझ्या हातून काडेपेटीसुद्धा आत गेली नाही. आणि आता मी गोळ्या विकणार होय? बायकोला सांगितलं तर हसून हसून मरेल. मला भाजी धड घेता येत नाही."

"तुम्हाला कोण काय म्हणतंय? वही काढा."

मामांची वही म्हणजे मामांसारखीच होती, जाडजूड आणि चोख. लांब्याकडे नऊ दिवसांत तिघंच आली होती. त्याची बायको रोज, फक्त काल आणि आज नाही. गोदामाचा सुपरवायझर एकदाच, चौथ्या दिवशी. आणि थोरला भाऊ तोही एकदाच, पाचव्या दिवशी.

"सुपरवायझर काय घेऊन आला होता?"

"बिस्किटं. बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून जशीच्या तशी परत दिली. डॉक्टरांच्या नावाने एक पत्र होतं, ते मी स्वतः नेऊन दिलं. पेशंटला भेटला पाच मिनिटं, पण नात्यातला नाही म्हणून जाळीच्या पलीकडून. मी मध्ये उभा."

"बायको?"

"पाचव्या दिवशी दोन सदरे. ते आपल्या धोबीखान्यातून उकळून मग त्याच्या अंगावर. भावाने टॉवेल आणला, कंगवा आणला, चष्मा आणला. टॉवेल मी झटकला, कंगव्याचे दात बघितले, चष्म्याची पेटी उघडून बघितली. आत चष्माच होता. आता चष्म्यात काय लपवणार माणूस?"

सिस्टरांनी स्वतःचे तक्ते काढले. वॉर्डात रोज दोन गोष्टी लिहायच्या ही त्यांची शिस्त होती, आणि नव्या पोरी त्यावरून मागे हसत. माणूस झोपला किती आणि त्याचं ताट परत कसं आलं. पहिले चार दिवस लांब्या बारा-बारा तास झोपला होता आणि ताट पुसून परत येत होतं. पाचव्या दिवसापासून झोप दोन तास, कधी तीन. ताट जसंच्या तसं. गोळी दुप्पट केली त्या दिवशीही.

भास थांबवणाऱ्या त्या गोळीने झोप येते, भूक लागते. तिप्पट घेऊन कुणी टक्क जागा राहत नाही. नुसती गोळी चुकवली असती तरी झोप इतकी उडाली नसती. म्हणजे रोज कुणीतरी त्याला दुसरंच काही देत होतं. आपण एका बाजूने विझवतोय आणि दुसऱ्या बाजूने कुणी पेटवतंय.

"मामा, तुम्ही रजेवर कधी होतात?"

"सातव्या दिवशी. मेहुण्याचं ऑपरेशन होतं."

सातव्या दिवशीही झोप दोन तास. म्हणजे मामा नव्हते तरी गोळी मिळत होती. एवढं मामांना सांगितल्यावर त्यांना हायसं वाटायला हवं होतं. पण ते तोंड चुकवून वहीची पानं चाळत राहिले.

"काय झालं?"

"बोलणार नव्हतो, सिस्टर. सहाव्या दिवशी त्याच्या बायकोने रुमालात काहीतरी बांधलं आणि ब्लाउजात खोचलं. मी बघितलं. रडत होती बिचारी, म्हणून गप्प बसलो."

३

लांब्याची बायको बाहेरच्या बाकावर बसली होती. दोन दिवस पोरीला ताप होता म्हणून आली नव्हती. आज आली ती फोन गेला म्हणून. आल्याबरोबर तिने विचारलं, "काच लागली का ह्यांना?"

"रुमाल दाखवा," सिस्टर म्हणाल्या.

बाई पांढरीफटक पडली. मग तिने पर्स उघडली आणि रुमालाची गाठ सोडून पुढे केली. आत अर्धवट विरघळलेली पांढरी गोळी होती.

"तुमचीच आहे. सहाव्या दिवशी ह्यांनी गालातून काढून माझ्या हातात दिली. मी घेतली. सांगितलं असतं तर तुम्ही बांधून घातलं असतं त्यांना."

"आम्ही बांधत नाही."

"आणताना बांधलं होतं!" तिचा आवाज चढला. "मला काय माहीत तुम्ही काय करता ते? चांगला हसता-बोलता माणूस. मान वाकडी झाली, लाळ गळतेय. मी डॉक्टरांना म्हटलं ह्या गोळ्या बंद करा, तर म्हणतात तुम्हाला काय कळतं. नाहीच कळत! पण डोळे आहेत ना मला?"

सिस्टर तिच्या शेजारी बसल्या. ती खोटं बोलत नव्हती हे त्यांना कळत होतं, पण कळून भागत नाही. "ही आमचीच गोळी कशावरून? वर आकडा असतो बारीक. वाचा बरं."

बाईने डोळे बारीक करून बघितलं. "मला नाही दिसत एवढं. ह्यांना दिसतं. पोरीच्या केसातली ऊ दाराच्या चौकटीतून दिसते ह्यांना. मी म्हणते, तुम्ही फोर्कलिफ्ट सोडा आणि दुर्बीण म्हणून कामाला लागा." ती हसली आणि हसता हसताच रडायला लागली. "चारला घरी पाठवणार म्हणे. मी काय करू हो? पोरीला घेऊन आईकडे जाऊ का? मग ह्यांच्याजवळ कोण?"

सिस्टरांनी गोळी उलटीपालटी केली. आकडा वॉर्डाचाच होता. एक गोळी चुकली होती, सहाव्या दिवशी. बिघाड पाचव्यापासून. आणि बाई दोन दिवस आलीच नव्हती, तरी आजची पट्टी कोरी.

मग रोज देतंय कोण? मामा नव्हते तेव्हाही गोळी होती, बायको नव्हती तेव्हाही होती, आणि भाऊ तर एकदाच येऊन गेला होता.

फाटकातून एक पांढरी व्हॅन आत आली आणि थेट वॉर्डासमोर उभी राहिली.

४

सुपरवायझरच्या बोलण्यात साखर होती. "कंपनीला माणसाची किंमत आहे, सिस्टर. चारला सोडताय असं कळलं. म्हटलं, बिचाऱ्या वहिनी कुठे रिक्षा शोधतील? आमच्या गेस्ट रूमवर ठेवू त्याला आठ दिवस."

"तुम्हाला कुणी कळवलं?"

"डॉक्टरसाहेबांशी बोलणं असतं आमचं." तो खुर्चीत जरा पुढे सरकला. "कसा आहे आता? काही बोलतो का?"

"बोलतो की."

"म्हणजे, सुसंगत? कामाबद्दल वगैरे?"

माणूस जेवतो का, झोपतो का, रडतो का, हे विचारणारे त्यांनी हजार नातेवाईक बघितले होते. काय बोलतो हे दोनदा विचारणारा हा पहिलाच.

"तुमचं पत्र वाचलं मी," त्या म्हणाल्या. पत्र केसपेपरलाच लावलेलं होतं. "पहिल्यापासून डोक्याने अधू, असं लिहिलंय तुम्ही."

"पहिल्यापासून थोडा सटकलेलाच हो. आम्ही सांभाळून घेतला."

"सटकलेल्या माणसाच्या हातात तुम्ही अकरा वर्षं फोर्कलिफ्ट दिलीत?"

त्याचं हसू जरासं उतरलं. "तुम्ही फार विचार करता, सिस्टर."

"बसा इथेच. चारला अजून अवकाश आहे."

पण गोळी याने आत आणली नव्हती, हे वहीत पांढऱ्यावर काळं होतं. बिस्किटं परत, भेट जाळीपलीकडून. सिस्टर ऑफिसात गेल्या आणि दार लावून घेतलं. हातात लांब्याचा केसपेपर होता, आणि तासाभराचा वेळ.

५

केसपेपर त्यांनी वाचला नव्हता असं नाही. पण माणूस वेडा आहे हे माहीत असताना त्याचं बोलणं आपण वाचत नाही, चाळतो. या वेळी त्यांनी ठरवलं, की कागदावरचा माणूस शहाणा आहे असं धरून वाचायचं.

खोक्यांत माणसं श्वास घेतात. नाही, हे खरं नव्हे. लाल दिवा मन वाचतो. हेही नव्हे. पुढे डॉक्टरांच्या अक्षरात, खाली लाल रेघ मारून लिहिलं होतं: "गोदामात साहेब रोज पाळी सुरू होताना सगळ्यांना चष्मे वाटतात, चष्मा घातला की झोप दिसेनाशी होते, असा रुग्णाचा ठाम समज. चष्म्याविषयी भ्रम."

त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग घाईघाईने चौथ्या दिवसाचं पान काढलं. इथे अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. "रुग्ण शांत. चहा मागितला. 'मला आता चष्मा नको, कुणी आणला तरी घेऊ नका' असं दोनदा म्हणाला. थोडा भ्रम शिल्लक."

थोडा भ्रम शिल्लक! त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. त्या पेशंटने दोन हात जोडून सांगितलं होतं. चार दिवसांत कमावलेला सगळा शहाणपणा गोळा करून एक वाक्य बोलला होता, आणि आपण काय केलं? लिहून ठेवलं आणि हसलो.

सिस्टर तीरासारख्या निघाल्या, थेट सात नंबरच्या खाटेकडे. खाटेशी तीन वस्तू ठेवायला परवानगी असते. टॉवेल, कंगवा, चष्मा. लांब्या भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि जबडा करकर फिरवत होता. त्यांनी पेटी उचलली तशी त्याची बोटं मागोमाग आली, आणि मग त्याने स्वतःच ती मागे घेतली.

सिस्टरांना जवळचं वाचायला अडीच नंबर लागतो. त्यांनी आपला चष्मा काढून लांब्याचा लावला. खाटेवरची पाटी जशी धुरकट होती तशीच धुरकट राहिली. नुसत्या काचा. नंबर शून्य.

पेटीच्या तळाला मखमल चिकटवलेली होती. एक कोपरा जरा सुटला होता. त्यांनी नख घातलं.

६

पावणेचारला डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले होते, मामा दारात. डॉक्टर, सुपरवायझर, लांब्याची बायको आणि थोरला भाऊ, ज्याला मामांनी फोन करून गोदामातल्या पाळीवरून बोलावून घेतलं होतं. भाऊ सारखा या पायावरून त्या पायावर होत होता. खिडकीतून ऊन थेट त्याच्या तोंडावर येत होतं, तरी डोळ्यांच्या बाहुल्या काळ्याभोर आणि मोठ्या.

सिस्टरांनी टेबलावर चष्मा ठेवला, पेटी ठेवली, आणि पेटीतल्या दोन गुलाबी गोळ्या ठेवल्या.

"रोज कुणी आणत नव्हतं, डॉक्टर. सगळं एकदम आलं, पाचव्या दिवशी, आणि त्याच्या उशाशी पडून होतं. म्हणून मामा रजेवर असले काय आणि वहिनी आल्या नाहीत काय, फरक पडला नाही. मामांनी पेटी उघडली, त्यांना चष्मा दिसला. चष्मा म्हटल्यावर कुणाला शंका येणार? पण या माणसाला चष्मा लागतच नाही. वहिनी, लागतो का?"

"कधीच नाही! भाऊजी, तुम्ही चष्मा आणलात?" बायको थोरल्याकडे बघत राहिली. "कशाला?"

"त्यानेच मागितला," थोरला पुटपुटला.

"त्याने मागितला नाही," सिस्टर म्हणाल्या. "त्याने नको म्हणून सांगितलं. मला सांगितलं, आणि त्याच दिवशी जाळीपलीकडून या साहेबांनाही सांगितलं असणार. खरं ना? शुद्धीवर आलेला माणूस तुम्हाला म्हणाला, मला आता चष्मा नको. तुम्ही घाबरलात. आज हे म्हणतोय, उद्या डॉक्टरांना सांगेल चष्मे कोण वाटतं ते."

"काय बडबड चाललीय ही?" सुपरवायझर डॉक्टरांकडे वळला. "चष्मे काय, वाटणं काय? वेड्यांच्या बरोबर राहून—"

"थांबा." डॉक्टरांनी हात वर केला होता. ते केसपेपरवरच्या लाल रेघेकडे बघत होते. "चष्मा म्हणजे..."

"म्हणजे ही." सिस्टरांनी गुलाबी गोळीवर बोट टेकवलं. "गोदामातलं नाव आहे ते. सबंध केसपेपरात ते एकच वाक्य शंभर टक्के शुद्धीतलं होतं, आणि नेमक्या त्याच्याखाली तुम्ही रेघ मारलीत. मीही काही वेगळं केलं नाही. आता बोला, दादा. पेटी तुम्हाला कुणी दिली?"

थोरल्याने सुपरवायझरकडे बघितलं नाही. भावजयीकडेही नाही. "मी पाचव्या दिवशी आलो तेव्हा हा झोपलेला. हलवलं तरी डोळे उघडेना. दुपारी बारा वाजता! आमच्या घरात कुणी असं झोपत नाही. साहेब आधीच म्हणाले होते, दवाखान्याने गोळ्या घालून त्याची भाजी केलीय, सोमवारी हजर नसला तर जागा भरावी लागेल. ही पेटी उशाशी ठेव, एक-एक घेत जा म्हणून सांग. उठून बसेल. मी म्हटलं, उठेल तर उठू दे." त्याचाही जबडा करकर फिरत होता. "पहिली मीच त्याच्या तोंडात घातली. तो खरंच उठून बसला, सिस्टर. मला वाटलं, बरा झाला."

"भाऊजी, तुमचा भाऊ तो!"

"म्हणूनच दिली ना! दुसऱ्या कुणाला दिली असती का मी?"

बायकोने हात उगारला होता. तो तसाच वर राहिला. मग तिने वळून सुपरवायझरच्या तोंडावर थुंकल्यासारखा एक शब्द टाकला, जो सिस्टरांनी ऐकला नाही असं दाखवलं.

सुपरवायझर उठला. "याच्या शब्दाला काय किंमत आहे? हा स्वतः गोळ्या खातो. आणि तो आत बसलेला वेडा. पुरावा काय तुमच्याकडे?"

"वेडा नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही खाली बसा. मामा, दार लावा. मला पोलिसांना फोन करायचाय."

"माझी व्हॅन—"

"राहू दे तिथेच."

डॉक्टर फोनपाशी गेले, पण सिस्टर मध्ये उभ्या राहिल्या. "आधी हे." त्यांनी केसपेपर पुढे सरकवला. "तिप्पट डोस खाली आणा. पहिल्या चार दिवसांत जेवढा होता तेवढाच त्याला पुरत होता, आणि मानेसाठी काय द्यायचं ते द्या. आणि 'भ्रम' खोडा. तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीने. पोलीस आधी हाच कागद मागतील."

"सिस्टर, नोंद खोडता येत नाही. नियम—"

"मग खाली खरी लिहा! मगाशी नियम भिंतीवर होता, आता कागदावर आहे. माणूस तिथे पाणी सांडतोय सदऱ्यावर."

डॉक्टरांनी पेन उचललं. मग लाल रेघेच्या खाली लिहायला लागले, हळूहळू, शाळेतल्यासारखं. लिहून झाल्यावर डोस बदलला आणि न बघताच म्हणाले, "नाव कमी होणार नाही. आठवडाभरात उतार पडेल. महिना-दीड महिन्याने गोळी हळूहळू बंद करू. मी मामांशीही बोलतो."

"बोला. ते बाहेरच उभे आहेत."

घड्याळात चार वाजून गेले होते. बायको सात नंबरकडे धावली. तिचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, रागावल्यासारखा, पोरीला झापावं तसा. "पाणी असं पितात का? थांबा, मी धरते." लांब्या काय म्हणाला ते ऐकू आलं नाही.

थोरला भाऊ व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. पुन्हा या पायावर, त्या पायावर. सिस्टर त्याच्यासमोर जाऊन थांबल्या. बोलायला आल्या होत्या ते सगळे शब्द तोंडात तयार होते. त्याचे डोळे बघून त्यांनी ते गिळले.

"तुम्ही शेवटचे कधी झोपलात?"

त्याने बोटांवर मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"तुमच्या पाळीत किती जण घेतात?"

"सगळेच. दीडशे असतील. पहिल्यांदा कुणी नको म्हणतं. मग शेजारचा दुप्पट खोकी उचलतो, आणि बोर्डावर तुमचं नाव खाली जातं." त्याने बाही तोंडावरून फिरवली. "साहेब तेवढे घेत नाहीत."

"ते का नाही घेत?"

"त्यांना कशाला लागेल, सिस्टर? ते घरी जाऊन झोपतात."

सिस्टरांनी त्याचा दंड धरला. तो पत्र्यासारखा तापला होता. त्यांनी त्याला आत नेऊन खुर्चीत बसवलं, कोरा केसपेपर पुढ्यात ओढला आणि पेन इतकं जोरात टेकवलं की कागदाला भोक पडलं. त्यांनी तो कागद फाडून दुसरा घेतला.

"वय सांगा," त्या म्हणाल्या. "आणि मग सगळं सांगा, पहिल्यापासून. मी एक शब्द गाळणार नाही."